भांडले म्हणजे झालं लगीन

सिनेमातले पोरगा-पोरगी पहिल्याच भेटीत भांडले की आमच्या तंबूतल्या बायका निर्धास्त व्हायच्या. त्याची सायकल हिच्या अंगावर येणार, हिची पुस्तकं चिखलात पडणार, ही त्याला बेशरम म्हणणार, आणि माझी मोठी जाऊ मांडीवरच्या पोराला थोपटत मोठ्यानं जाहीर करणार, "भांडले बाप्पा! झालं या दोघायचं लगीन." पुढं पोरीचा श्रीमंत बाप आडवा यायचा, पोराचा जाड्या मित्र कशाला तरी अडखळून पडायचा, कसलासा गैरसमज व्हायचा, दोघं दोन खिडक्यांत उभी राहून एकच गाणं म्हणायची आणि शेवटी लग्न. जाऊचा अंदाज कधी चुकला नाही. खरं तर कुणाचाच चुकत नसे.

ही पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. वडशाला, म्हणजे माझ्या सासरच्या गावी, धान निघून घरात आलं की टुरिंग टॉकीज यायची. रेल्वेच्या पलीकडच्या मोकळ्या शेतात तंबू ठोकायचे. आत मधोमध दोरी बांधून तिच्यावर कापड टाकलेलं, एकीकडे बाया आणि एकीकडे माणसं. बसायला पोतं आपलं आपण न्यायचं. मी नागभीडकडच्या खेड्यातली, नुकतीच लग्न होऊन इथं आलेली. तीनचार सिनेमे पाहिल्यावर मी जाऊला विचारलं, "बाई, सारखंच असते त दरवेळी काऊन याचं?"

"वरण रोजचंच असते व," ती म्हणाली. "जेवाचं सोडतेस का?"

तिनं ते हसण्यावारी नेलं, पण माझ्या डोक्यात भलतंच बसलं. आधी भांडण, मग प्रेम, असा जर नियमच असेल तर आमचं काय? आमचं लग्न मोठ्यांनी ठरवलेलं. मी नवऱ्याचं तोंड नीट पाहिलं तेच मुळी लग्नानंतर. भांडायला सवडच मिळाली नव्हती. बरं, आता भांडावं म्हटलं तर नवरा गाईसारखा गरीब. धानाच्या गिरणीत कामाला होते. डोक्यात गिरणीचा कोंडा घेऊन घरी यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे, झोपायचे. हूं नाही की चूं नाही. या माणसाचा माझ्यावर जीव आहे की मी नुसती घरात आणून ठेवलेली आहे, हे मला कळायला मार्ग नव्हता.

म्हणून मीच सुरुवात केली. एके दिवशी लाखोळीच्या वरणात मीठच घातलं नाही. त्यांनी भात कालवला, जेवले, वर तांब्याभर पाणी प्याले आणि उठले. मागून जाऊ जेवायला बसली आणि तिनं माझा उद्धार केला. भांडण झालं, पण नको त्या माणसाशी. मग ऐन थंडीत आंघोळीचं पाणी तापवलं नाही. ते गार पाण्यानं आंघोळ करून, कुडकुडत गिरणीत गेले. मग मी तोंड फुगवून बसू लागले. भांडी आदळली. भिंतीकडे पाहून म्हटलं, "या घरात माणसं राह्यतेत का मुके?" त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बादली उचलून विहिरीवर गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

एवढं मात्र खरं, की सिनेमा बदलला की ते दारातूनच सांगायचे, "नवा आला म्हणे." त्या दिवशी आम्हा दोघी जावांना घेऊन जायचे. गिरणीत दिवसभर पोती उचललेली असली तरी जायचे. मला वाटायचं, या माणसाला सिनेमाचा नाद आहे, बायकोचा नाही.

संक्रांतीला वडील मला माहेरी न्यायला येणार होते. आई पहिल्याच दिवशी चुलीपुढं बसवून विचारणार, 'सुखाची आहेस ना?' तिला काय सांगायचं, तेच ठरत नव्हतं. सगळा दिवस तोच विचार असायचा.

त्याच आठवड्यात एक सिनेमा आला. पहिल्या खेळाला आम्ही गेलो. नेहमीचंच सगळं, पण त्यातला जाड्या मित्र फार गमतीचा होता आणि मी पोट धरधरून हसले. शेवटी पोरगी भलत्याच नवरदेवासाठी नटूनथटून मांडवात बसली, पोरगा टांग्यातून निघाला, आणि रीळ संपलं. दर रिळानंतर लागायचा तसा दिवा लागला. तो काही विझेना. मग मालक पुढं येऊन हात जोडून म्हणाला, शेवटच्या रिळाची पेटी गाडीतून उतरवायची राहून गेली, ती आज काही येत नाही.

लोक थोडं ओरडले. मालक हसून म्हणाला, "अरे भाऊ, लगीन होते दोघायचं! दुसरं काय होणार आहे? सगळ्यायले ठाऊक आहे." त्यावर सगळेच हसले. बाया पोती झटकायला लागल्या.

तेवढ्यात कापडापलीकडून आवाज चढला. "लगीन होते त होऊ दे ना! पण दिसलं पायजे का नाई? शेवट दावतो म्हणून तिकीट देल्लं तुमी!" मालक काहीतरी समजावू लागला. आवाज आणखी चढला. "माह्यं सोडा हो. माह्या घरची बाई बसून आहे तिकडं. तिले शेवट पाहाचा आहे!"

जाऊनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी किंचाळलेच. तेव्हा कुठं मला कळलं की हा आवाज आमच्या घरचा आहे. एवढ्या मोठ्यानं तो मी कधी ऐकलाच नव्हता. शेवटी मालकानं कबूल केलं, उद्या पेटी येईल, आजच्या माणसांनी उद्या फुकट येऊन शेवट पाहावा.

घरी परतताना जाऊ मुद्दाम पोराला घेऊन पुढं निघून गेली. मी नवऱ्याच्या मागून चालत होते. शेवटी धीर करून म्हटलं, "शेवट त तुमालेबी ठाऊकच होता."

"मले कुठचा?" ते म्हणाले. "मी त पह्यल्या रिळातच झोपतो. एकबी सिनेमा पुरा नाई पाहिला."

"मग येता काऊन?"

ते मागं न पाहता म्हणाले, "तू हासली का जाग येते मले. घरी त तू हासत नाई. तोंड पाडून राह्यते. मले वाटे, तुले आमच्या घरी करमत नाई. इथी हासते, म्हणून आणतो."

"एवढ्या बायांत माह्यं हासणं वळखू येते?"

"येते."

मला आईला द्यायचं उत्तर मिळालं होतं. रस्त्यातच थांबून मी पदर तोंडाला लावला आणि रडू लागले. ते घाबरून मागं फिरले. काय करावं हे त्यांना सुचेना. रस्त्यात हात धरायची रीत नव्हती. जवळ येऊन, लहान पोराला समजवावं तसं हलक्या आवाजात म्हणाले, "रडू नको व. दावते म्हणाला ना थो मालक उद्या शेवट."