एका बाटलीपुरतं

सुताराने गंजलेल्या बिजागरीवर रॉकेल ओतलं आणि त्या वासासरशी मी साठीच्या दशकातल्या पनवेलला, हुसेनचाचांच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

मुंबईत नव्या कंपन्यांचे शेअर बाजारात आणायचं काम सोडून मी दिल्लीला अर्थखात्यात गेले होते. रॉकेलवरचा कर वाढवू नका, म्हणून तिथे वरिष्ठांशी भांडलेही होते. पण निर्णय कळायच्या आत आई आजारी पडली आणि मला पनवेलला घरी यावं लागलं. आता माझ्या हातात रिकामा डबा होता आणि कान चाचांच्या रेडिओकडे. अंदाजपत्रकाच्या बातम्या सुरू झाल्या, त्या रॉकेलपर्यंत पोचायच्या आतच मशिदीतून अजान झाली. चाचांनी अदबीने रेडिओ बंद केला.

मी नुसती चुळबुळत होते. डब्याची कडी उगीच वाजवत होते. पुन्हा रेडिओ लागला तेव्हा हवामान चाललं होतं. अस्सा राग आला मला!

तेवढ्यात मिठागरावरून परतणारी एक बाई बाटली घेऊन आली. "चाचा, भाव वाढला नाय ना?"

"ऐकलंच नाही, बेटी. म्हणजे आज जुनाच भाव," म्हणत चाचांनी बाटली गळ्यापर्यंत भरली.

सकाळी पेपरात वाचलं, कर वाढला होता. दिवसभर मी धुमसत राहिले. दिल्लीने फेटाळलेला माझा मुद्दा आदल्या संध्याकाळीच एका बाटलीपुरता मंजूर झाला होता, हे माझ्या ध्यानात यायला मात्र नोकरीची पुढची सगळी वर्षं जावी लागली.