वाटणाराच उचलणारा

इंग्रजी शिकवण्यात अर्धं आयुष्य गेलं. 'डिव्हिजन'चे अर्थ मी झोपेतही सांगेन: गणितातला भागाकार, फौजेची तुकडी, सरकारी विभाग आणि लाखांदूरच्या पालकांना ठाऊक असलेली दहावीची फर्स्ट डिव्हिजन. मूळ लॅटिन 'डिव्हिडेरे', वेगळं पाडणं. दरवर्षी इथवर सांगून मी खडू खाली ठेवायचो. यंदा शब्दकोशातली पुढची ओळ वाचली. याच धातूपासून लॅटिनमधला 'व्हिडुआ', म्हणजे विधवा. आपला 'विधवा' शब्दही त्याच कुळातला म्हणे. कोश मिटला. त्या दिवशी पुढे शिकवायचं मनच होईना.

आमच्याकडे शेत वाटताना थोरल्यानं हिस्से पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, अशी रीत. मग वाटणारा आपोआप सारखं वाटतो. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा ती जागा वहिनीची होती. पण बाईमाणूस काय वाटणार, म्हणून गावातल्या जाणत्यांनी मलाच वाटायला सांगितलं. वाटलं. मग धाकटा म्हणून आधी उचललंही मीच. तलावालगतच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, मला. पाणी पोचलं तर पोचलं अशा शेवटच्या वहिनीला.

ती एवढंच म्हणाली, "तुमीच वाटलं, तुमीच उचललं. बरं झालं भाऊजी, मले डोकं लावाचं काम नाई पडलं."

लोक हसले. मीही.

तेव्हापासून धान निसवायला आलं, लोंब्या फुटू लागल्या की ती पाणी मागायला येते आणि मी म्हणतो, माझं भरलं की सोडतो. यंदा तलावातच पाणी कमी. ती आलीच नाही.

परवा शाळेतून थेट शेतावर गेलो. तिचं धान पिवळं पडलं होतं. आमच्या दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, ती बसली होती.

"वयनी, ते वाटणी खोटी होती. जाणून केली मी. आता तुमी वाटा, मी तुमच्या मांगून उचलतो."

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "धान जळून राह्यलं अन् तुमी बोलून कायले राह्यले? आधी पानी सोडा."

"सोडतो. पण वाटणी?"

"वाटीन ना. धान कापू द्या. मंग तुमच्यासारखीच वाटीन. उचलाले तुमाले बोलवाचं का नाई, तेबी मीच पाहीन."

फावडं तिनंच पुढं केलं. मी धुरा फोडला. पाणी तिच्या बांधीत शिरलं, माझ्या बांधीतलं उतरू लागलं. ती उठून पाण्यामागं चालत गेली. मी फावडं धरून तिथंच उभा राहिलो. आता पुरे, असं म्हणायचा हक्क मला नव्हता.