टेके काढायचा दिवस

संत्र्याची झाडं फळांनी लदली की मोहगावच्या आमच्या बागेत बाबा बांबूचे टेके लावायचे. वाकलेल्या फांदीखाली बेचक्याचा बांबू तिरपा रोवायचा. मी बांबू धरून उभा असे. फांदी वर रेटू लागलो की ते म्हणत, "उचलू नको बापू. तिले जराशी वाकू दे." वर पानांना पानं भिडलेली असत. त्या हिरव्या उजेडात मला वाटे, आपण एका मोठ्या घरात आहोत आणि त्याला भिंती घालायचं कोणी विसरून गेलं आहे.

पुढे मी इमारतींचे सांगाडे आखू लागलो. पांढुर्ण्याजवळ संत्र्यांच्या मंडीचं मोठं लोखंडी छत करायचं काम माझ्याकडे आलं. ट्रक आत वळायला हवेत, म्हणून मधे एकही खांब नको होता. मी कडेच्या खांबांना फांद्या फोडल्या. बुंध्याशी जाड पाइप, पुढे बारीक, त्यापुढे आणखी बारीक. दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध एकमेकांना भेटणारे.

नकाशा पाहून बाबा म्हणाले, "झाडच काढलं की बे तू! टेके कुठं हायेत?"

सांगाडा जोडून होईपर्यंतच लागतील, मग काढू, असं मी सांगितलं.

"काढशील तवा मी मधात उभा राहीन."

पत्रे चढायच्या आधीच बाबा गेले.

टेके काढायच्या दिवशी बाबांचे बागशेजारी, आमचे काकाजी, सौंसरला बस बदलून आले. आल्या आल्या भडकले.

"अरे, टेके काढून राहिला? फळाचा तोडा झाल्याबिगर टेका काढते का कोणी? तुह्या बापानं हेच शिकवलं काय?"

"काकाजी, हे छत आहे. याचा तोडा कधीच होत नाही."

"मंग टेके बी कधीच नको काढू!"

कामगार हसले. मला हसू येईना. आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासलेली होती, तरी मी ती मनात परत एकदा करून पाहिली. त्या वेळी खाली कोणी थांबायचं नसतं. मी मधोमध जाऊन उभा राहिलो.

टेक्यांखालचे जॅक हळूहळू उतरू लागले. पाइपांमधून एक लांब, बारीक कण्हणं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. छत वाकलं. मी वर पाहत राहिलो. मग टेक्याचं डोकं आणि छत यांच्यात एक फट दिसली, आणि तिच्यातून पलीकडच्या उजेडाची बारीक रेघ.

छत तिथेच थांबलं होतं.

काकाजी केव्हा शेजारी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"वाकलं रे."

"वाकू द्यायचंच होतं."

त्यांनी जवळचा टेका हलवून पाहिला. तो सैल झाला होता. बराच वेळ ते वर बघत राहिले. पारदर्शक पत्र्यांतून उतरलेला उजेड त्यांच्या पांढऱ्या टोपीवर पडला होता.

"मोकळा झाला हा," ते हलकेच म्हणाले. "धर खालून."

मी खालून धरला, बाबांचा बांबू धरायचो तसा.