हौसाचा पत्ता

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. भानामती, अंगात येणं, उतारे... या सगळ्याविरुद्ध मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिली आहेत, डोंबिवली स्टेशनबाहेर उभं राहून वाटली आहेत. तेव्हा "तुला भास झाला असेल" हे मला कुणी शिकवू नये. दुसऱ्यांना ते मीच सांगत आलेय. हे लिहितेय कारण मला लाज वाटते, आणि ती जात नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवा पूर्वेला पाण्यासाठी आमची मोहीम चालू होती. पंचेचाळीस घरांच्या सह्यांचं निवेदन दिलं, तर पालिकेच्या कार्यालयाने ते "एक तक्रार" म्हणून नोंदवलं. ठीक आहे, म्हटलं, मग पंचेचाळीस वेगवेगळ्या तक्रारी घ्या. प्रत्येकाच्या स्वतःच्या ईमेलवरून.

पण स्वतःचा ईमेल होता कुणाकडे? झेरॉक्सवाल्याने काढून दिलेला, पासवर्ड त्याच्याकडेच. मी तावातावाने पत्रक काढलं — "तुमच्या पेटीची चावी दुसऱ्याच्या खिशात का?" कंपनीही मुद्दाम वेगळी निवडली. जाहिराती न दाखवणारी, मोबाईल नंबर न मागणारी, कारण इथे चार माणसांत एक फोन. आणि रविवारी दुपारी सोसायटीच्या ऑफिसात लॅपटॉप घेऊन बसले. पंचेचाळीस पत्ते, पंचेचाळीस पासवर्ड. सगळे माझ्या वहीत. हो, माझ्याच. तेव्हा ते खटकलं नाही.

पार्वतीआजींना त्यांचा मुलगा मंगेशदादा घेऊन आला. आजी तिथल्याच जुन्या गावातल्या, पूर्वी मिठागरात काम केलेल्या. अंगठेबहाद्दर. मी आधारकार्ड बघून त्यांचा पत्ता बनवून टाकलेला — पुढे पार्वती, मागे आडनाव. मंगेशदादा दाराशी कुणाशी तरी बोलत होता, तेवढ्यात आजी टेबलावरून वाकल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या,

"पोरी, त्यान हौसा टाक गो."

"हौसा कोण?"

"मी. माहेरचा नाव. लग्नान बदलला."

"आजी, आधारवर पार्वती आहे. दुसरं नाव टाकलं की तक्रार केराच्या टोपलीत."

"मंग तक्रारीत पार्वती टाक ना. पत्त्यान हौसा टाक."

त्यांचं बरोबर होतं. पत्ता काहीही चालतो. तासाभरापूर्वीच एका रिक्षावाल्या काकांना मी "आई एकविरा" आणि पुढे रिक्षाचा नंबर असा पत्ता हसत हसत काढून दिलेला. पण यांचा बनवून झाला होता, पुन्हा करायचा म्हणजे आणखी चार मिनिटं, आणि मागे रांग. त्या तिसऱ्यांदा तेच म्हणाल्या तेव्हा माझा आवाज चढला.

"आजी, हे हौसेमौजेचं काम नाहीये. पाण्यासाठी बसलोय आपण. या घरच्या गोष्टी घरी करा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मंगेशदादा आला. "काय झाला गो आये?"

"काय नाय," आजी म्हणाल्या. "आसूं दे. पानी काय ता भरूं, नाव तुमच्या घरचाच टाका." आणि पदर सावरून उठल्या.

लग्नानंतर बाईचं नाव का बदलायचं, यावर माझं एक अख्खं पत्रक आहे. सासरी तांदळात अंगठीने नाव लिहून माहेरचं नाव पुसतात, त्याबद्दल जळजळीत दोन परिच्छेद. लोकांनी ते खूप फॉरवर्ड केलं होतं.

सोमवारी तक्रारी गेल्या. मंगळवारी ठाण्याला आमच्या ऑफिसात मी मोहिमेच्या ईमेलची पेटी उघडली. पोचपावत्यांच्या खाली एक मेल पडलेला, आम्ही निवडलेल्या त्याच कंपनीचा. पाठवणाऱ्याचा पत्ता — हौसा. आडनाव नाही, आकडे नाहीत. आत देवनागरीत, विरामचिन्हांशिवाय :

"पानी येत नाय ता खरा हाय पन मी पान्यासाठी नाय आलेली सोनी मना हौसा बोलवाची ती गेली आता त्या नावान हाक मारनारा कोन रायला नाय पत्त्यान टाकला असता तर कुनी कागद धाडताना तरी लिवला असता"

एवढंच.

मी भडकले. मला वाटलं, ऑफिसातल्या आमच्या नीलेशने गंमत केलीय. तो म्हणाला, "आईशपथ नाही. हौसा कोण पण?" तेव्हा लक्षात आलं, ते नाव आजींनी फक्त माझ्या कानात सांगितलेलं. चारचौघांत ओरडताना मी ते उच्चारलंही नव्हतं. मग नीलेशने वेळ दाखवली. रविवार, चार वाजून पंचवीस मिनिटं. त्या वेळी आजी माझ्यासमोर बसलेल्या. खोलीतला एकमेव लॅपटॉप माझ्या हाताखाली, आणि त्याच्यावर मराठी टायपिंगची सोयही नव्हती. आम्ही तयार मजकूर चिकटवत होतो.

तो पत्ता आपल्याला काढता येतो का, पाहिलं. "हा पत्ता आधीच घेतलेला आहे."

मंगेशदादाला फोन लावला. तो हॉस्पिटलात होता. सोमवारी सकाळी आजींना झटका आलेला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. "शुद्धीवर हाय की नाय तेच कळत नाय. पार्वतीबाई, पार्वतीबाई करून सिस्टर हाका मारतात, ती डोळाच उघडत नाय. तू कशाला फोन केलेलास?"

मला दुसरं नाव माहीत होतं. ते सांगायचं, तर कसं कळलं आणि मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं.

"काही नाही दादा," मी म्हणाले. "फॉर्मवर एक सही राहिलेली."

तीन आठवडे मी गप्प राहिले. आजी घरी आल्याचं कळलं तेव्हा गेले. खाटेवर पडून होत्या, तोंड भिंतीकडे. मी मंगेशदादाला सगळं सांगितलं आणि मेल वाचून दाखवला. तो मध्येच थांबवून म्हणाला,

"सोनी म्हंजे मावशी. आयेची बहीन, उरनला दिलेली. दिवाळीत वारली. तुला कोनी सांगितला?"

"कुणी नाही. हौसा नाव तुला माहीत होतं?"

त्याने आईकडे पाहिलं. "नाय गो. कंदी इचारलाच नाय."

मग खाटेच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा हळू म्हणाला, "हौसा?"

आजींनी मान वळवली. डावा हात उचलून त्याच्या गालाला लावला आणि तसाच ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी अर्धा तास तिथे होते, एकदाही पाहिलं नाही.

त्या पत्त्यावर मी माफीचा मेल पाठवलाय. चुकीच्या पत्त्यावरचा मेल मिनिटभरात परत येतो. तो आलेला नाही. उत्तरही नाही.

नीलेशकडे याचं एक उत्तर आहे. तो म्हणतो, "अगं, गर्दीत तूच आजीला तो पत्ता काढून दिला असशील. तिने बहिणीचं सांगितलं, तू कुठून तरी मराठी टाईप केलंस, आणि दमून विसरलीस."

मी खूप आठवून पाहिलं. वही तपासली. त्यात पंचेचाळीसच पत्ते आहेत, हौसा नाही. पण नीलेशचं खरं निघावं असं मला फार वाटतं. कारण मग त्या दुपारी मी निदान चार मिनिटं त्यांचं ऐकून घेतलं होतं, असं झालं असतं.