राजानं दार लावलंच नाही

आमच्या वेल्ह्याकडच्या गावात चैत्रातल्या जत्रेला नाटक बसायचं, आणि ते दरवर्षी एकच. लई जुनं, लई रडकं. राजा हट्टापायी पोराला गडाबाहेर काढतो. सेनापती उलटा, तो मायेपोटी आपल्या पोराला गड सोडूच देत नाही. शेवटी दोघांचीही पोरं मरतात, बाया पदर भिजवून घरी जातात आणि म्हणतात, यंदा छान झालं.

राजा म्हणजे माझे वडील, आमचे आबा. एरवी भातशेती, जत्रेपुरता मुकुट. मी बारावीची परीक्षा दिली त्या वर्षी विंगेतून वाक्यं सांगायचं काम माझ्याकडे आलं. आधीच्या मास्तरांची बदली झाली होती आणि माझा आवाज केवढा आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच किडा, पुण्याला नर्सिंगला जायचं. आबांना विचारलं की म्हणायचे, "बघू." आई म्हणायची, बघू म्हणजे न्हाई समज. असा संताप यायचा! बरं, भांडावं तर ते भांडायचेच नाहीत.

मग एकदा अंगणात त्यांचं पाठांतर घेताना मी मुद्दाम खोचकपणे विचारलं, "आबा, या दोन बापांत वाईट कोण?"

"राजाच की. पोराला हाकलतोय."

"आन् सेनापती? त्यो तर नुसता कवटाळून बसलाय. त्याचं पोरगं घरातच कुढून मेलं."

"म्होरलं वाक्य सांग," आबा एवढंच म्हणाले.

जत्रेत पोराला हाकलायचा प्रवेश आला. पोरगा पाया पडतो, राजा पाठ फिरवून गरजतो, "दार लावा!" आबांनी पाठ फिरवलीच नाही. विसरले वाटून मी हळूच म्हटलं, "दार लावा." गप्प. "दार लावा, आबा!" हे पार शेवटच्या रांगेत ऐकू गेलं. आबा विंगेकडे, माझ्याकडे बघत होते. डोळे भरलेले. मग पोराच्या खांद्यावर हात ठेवून राजा म्हणाला, "भाकरी घेतली का बांधून?"

लोक हसून लोळले. पोराचं काम गावच्या शिंप्याकडे होतं. तो बिचारा "व्हय, महाराज" म्हणून निघून गेला. पण शेवटच्या अंकात त्याला बंद दारावर डोकं आपटून मरायचं होतं! दार तर सताड उघडं. तो उंबऱ्यातच आडवा झाला. बाया ओरडायला लागल्या, "आरं मेल्या, आत जा की!"

घरी येताना आबा मुकुट काखोटीला मारून पुढं चालले होते. मी म्हटलं, "नाटकाचं पार वाटोळं केलंत."

"माज्यानं झालंच न्हाई. समोर तूच दिसाया लागलीस." थोडं चालून म्हणाले, "हाकलायचं न्हाई, आन् धरूनबी ठेवायचं न्हाई. कवा जायाचं पुण्याला?"

जूनमध्ये त्यांनी मला वेल्ह्याच्या स्टँडवर एसटीत बसवलं. गाडी हलली तसे खिडकीला धरून चार पावलं आले आणि भर स्टँडवर ओरडले, "भाकरी घेतली का?"

"व्हय, महाराज!" मी ओरडले. सगळी एसटी माझ्याकडे बघायला लागली. मी नसरापूरपर्यंत रडले, आणि मग भूक लागली म्हणून भाकरीचं फडकं सोडलं.