कुलपाबाहेरचे आशावादी

नोकरी चालू असते तेव्हा माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं. बारा वर्षं मी मुलुंडच्या कारखान्यात पंप जोडले, एक किस्सा आठवत नाही. गेटला कुलूप लागलं आणि तीन महिन्यांत पोतंभर जमले. फुकट धीर देणारे वाढले की किस्सेही वाढतात.

पहिला मान साहेबाचा. लॉकआउटच्या आदल्या आठवड्यात आमच्या पर्सोनेल ऑफिसरनं कॅन्टीनमध्ये लेक्चर ठेवलं, 'पॉझिटिव्ह थिंकिंग'. टायवाला एक गृहस्थ आला. छातीवर हात ठेवून 'उद्याचा दिवस माझा आहे' असं आम्हां सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि वर प्रत्येकाला सर्टिफिकेट. सोमवारी गेटवर नोटीस. खाली साहेबाची सही, सर्टिफिकेटवर होती तीच. शाईही तीच, हिरवी.

*

"चला, दिवस आमचोच," नोटीस वाचून परब म्हणाला. परब टूलरूमचा फिटर, मालवणचा, जिभेला हाड नाही. पण त्या दिवशी तो नोटिशीसमोरून हलेना. त्याच्या लेकीचं, सुमनचं लग्न ठरलं होतं. मुलाचे वडील, घाटकोपरचे धुरी, साखरपुड्यात म्हणाले होते, "हुंडा नको, मानपान नको. घर तेवढं स्थिर पाहिजे. आम्ही नोकरीवाली माणसं."

"त्यांका कळला तर मोडतले रे," परब मला म्हणाला. मग कळू द्यायचं नाही असं ठरलं. रोज खाकी चढवून, डबा घेऊन परब सातला घराबाहेर. आम्ही गेटसमोर ताडपत्रीखाली बसायचो आणि बरोब्बर साडेबाराला डबे उघडायचो. काम नव्हतं, पण रिसेस एकदाही चुकवली नाही.

*

कारखान्याचा भोंगा बंद पडला त्याचं दुःख समोरच्या सोसायटीला आमच्यापेक्षा जास्त. एक बाई सकाळीच आल्या. वाटलं, विचारपूस करतायत.

"अहो, तुमच्या भोंग्यावर मी मुलांना उठवायचे. सगळी वाट लागलीय. भोंगा तरी चालू ठेवा ना!"

"उद्यापासून मी खिडकीखाली येऊन बोंबलतो," परब म्हणाला. "मग तर झालं?"

*

माझा मेहुणा बँकेत, बोरिवलीला. दर रविवारी येऊन माझा चहा पीत मलाच सांगायचा, "भावोजी, संकट म्हणजे संधी. हसत राहायचं." मग त्याची बदली झाली. कुठं, तर अंधेरीला. पठ्ठ्या दोन दिवस धड जेवला नाही, बीपीची गोळी सुरू झाली. मी भेटायला गेलो आणि छातीवर हात ठेवून ते वाक्य तीनदा म्हणून दाखवलं. तेव्हापासून माझे रविवार मोकळे आहेत.

*

परबाच्या बायकोनं ते सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं. धुरी आमंत्रणाची यादी घेऊन आले तेव्हा त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

"वा, कंपनी कोर्स करवते म्हणजे जोरात चाललीय. गेट कुठं म्हणालात?"

परबानं पत्ता सांगितला. न सांगून करतो काय?

*

आणि मग तो गुरुवार. डबे नुकते उघडले होते. समोरून धुरी येताना दिसले, हातात कापडी पिशवी. परबानं हातातला घास परत डब्यात ठेवला.

"संपला. सुमनीचा लगीन मोडला."

माझं डोकं फिरलं. आता या माणसाकडून स्थिर घराचं प्रवचन ऐकायचं, तेही जेवताना.

धुरींनी कुलूप पाहिलं. नोटीस हिरव्या सहीपर्यंत वाचली. मग परबासमोर येऊन उभे राहिले.

"व्याही," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आमची कंपनी साखरपुड्याच्या आधीपासून बंद आहे. घरात सांगितलेलं नाही. तुमच्याकडे कुठंतरी चिकटवून घ्या म्हणून विचारायला आलो होतो."

परबानं त्यांच्या पिशवीकडे पाहिलं. मग तो ताडपत्रीखाली थोडा सरकला.

"बसा, व्याही," तो म्हणाला. "डबो उघडा."