तिथीची पाऊणपट

देवबागला किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात आगीच्या अलार्मचे तीन पॅनल मी बसवले. एक ऑफिसात, एक खोल्यांच्या इमारतीत, एक स्वयंपाकघरात. तिन्ही एकमेकांना वायरने गोल जोडले. एकीकडे धूर झाला की तिन्हीकडे भोंगे. वायर गोल फिरवली की एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने निरोप पोचतो. तरीसुद्धा स्वयंपाकघराचा पॅनल भर दुपारी गप्प व्हायला लागला, आणि तासाभराने आपोआप बोलायला. दोन्ही बाजू एकदम तुटायच्या तर माणसाचाच हात हवा, असं मी मनाशी पक्कं केलं.

हात कुणाचा, तेही ठरवून टाकलं. स्वयंपाकीण काकी. पहिल्याच दिवशी तिच्या बांगडे भाजण्याच्या धुराने तिन्ही भोंगे बोंबलले, पाहुणे टॉवेलावर अंगणात आले, आणि मालक तिच्यावर खेकसले. तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "ह्या मेल्याची वायर एक दिवस कापून टाकतलंय!"

बस्स, मला एवढंच पुरलं. पॅनलच्या दाराला मी बारीक टेप चिकटवून ठेवली. टेप जशीच्या तशी राहिली, आणि पॅनल गप्प झालाच. म्हटलं, बाई नवीन टेप लावत असणार. मग ती आठवडाभर माहेरी आरोंद्याला गेली. त्या आठवड्यात पॅनल एकदाही रुसला नाही! ती परतली, दोन-चार दिवसांनी अमावास्या झाली, आणि पुन्हा तेच. आता आणखी काय पुरावा हवा? वहीत वेळा लिहिल्या: पाऊण, दीड, सव्वादोन. रोज वेळ बदलते, म्हणजे किती पोचलेली आहे बघा, असं मी मालकांना सांगितलं.

मालकांनी तिला ऑफिसात बोलावलं. पहिली खोली बांधली तेव्हापासून ती तिथे राबत होती, आणि तिचं घर त्याच पगारावर चालत होतं. मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

काकी रडली नाही की भांडली नाही. माझी वही ओढून घेतली आणि बोटांवर मोजत बसली.

"पाडवो, बीज, तीज," ती म्हणाली. "तिथीची पाऊणपट कर रे. ही उधाणाच्या भरतीची वेळ. तुझी वायर रेतीतसून गेली मा? जोड खंय आसा?"

पाडव्याला पाऊण, बिजेला दीड, तिजेला सव्वादोन: वहीतल्या वेळा तंतोतंत त्याच होत्या. मी याच किनाऱ्यावर वाढलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे वडिलांनी होडीत बसवून शिकवलेलं. काकी माहेरी होती तो आठवडा अष्टमीच्या आसपासचा, तेव्हा भरती लहान असते, हेही. आणि जोड कुठे होता, ते फक्त मला ठाऊक होतं. वायर कमी पडली होती. कुडाळला पुन्हा कोण जाणार, म्हणून जाणारी आणि येणारी, दोन्ही वायरी मी अंगणातल्या एकाच पाइपात घातल्या, दोन्हींचे जोड एकाच डब्यात टेप गुंडाळून पुरले आणि कुणाला बोललो नाही.

काकी चपला घालून निघाली. मी फावडं घेतलं. डबा उघडला तर आत खारं पाणी, तांबं हिरवंगार. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. तसाच ओला डबा मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणालो, "चूक माझी आहे. काकींचा काही संबंध नाही."

मालकांनी काकीला परत बोलावलं खरं, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "तरी एक कॅमेरा लावून टाका स्वयंपाकघरात. तुम्हीच म्हणालात ना, बाई पोचलेली आहे."

मी नको म्हणालो, दोनदा म्हणालो. शेवटी शिडी लावली.

काकी चुलीपुढून उठून आली. वर कॅमेऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पदराला हात पुसून तिने दोन्ही हातांनी शिडी धरली.

"पडशीत," ती म्हणाली. "आणि या वेळाक जोड ठेवू नको रे."